डिलनला प्रत्यक्ष ऐकलंय? तुमचा अनुभव सांगा

मंडळी, अमेरिकी गायक-गीतकार बॉब डिलन किंवा त्याच्या पिढीतला कुणीही फोक-रॉकवाला तुम्ही समोर बसून ऐकला असेल, तर त्या संध्याकाळी काय झालं ते लिहा. रेकॉर्डवरचा डिलन किती थोर, त्याला नोबेल द्यायला हवं होतं की नको, हे वाद कृपया नकोत. त्यावर आपण सगळे पोटभर भांडून झालो आहोत. मला हवाय तो मंचावरचा म्हातारा. १९४१ साली जन्मलेला हा माणूस ऐंशी ओलांडल्यावरही गावोगाव हिंडून गातो. १९८८ च्या जूनमध्ये त्याने जो दौरा सुरू केला त्याचे तीन हजारांहून अधिक कार्यक्रम झालेत. आवडलं नसेल तर तेही लिहा, बिनधास्त.

सुरुवात मीच करते.

टोकियो, एप्रिल २०२३

खरं तर २०२० च्या एप्रिलमध्येच तो जपानला यायचा होता. महामारीने ते बारगळलं आणि तिथले चाहते तीन वर्षं ताटकळले. मला जपानी येत नाही आणि डिलन मंचावर बोलत नाही, त्यामुळे भाषेची अडचण अशी आलीच नाही. जपानी श्रोते मात्र बघण्यासारखे. गाण्याचा शेवटचा सूर विरेपर्यंत टाळी नाही, शिट्टी नाही, खुर्चीची करकरसुद्धा नाही.

डिलन पियानोमागे होता. माझ्या जागेवरून बराच वेळ त्याचं कपाळ आणि केस एवढंच दिसत होतं. पियानोही तो आपल्या मर्जीने वाजवतो. मध्येच एखादा सूर धरतो आणि हट्टाने तोच ठोकत राहतो. मागचे वादक त्याच्यावर डोळे लावून बसलेले, कारण पुढची ओळ तो कधी उचलेल याचा त्यांनाही भरवसा नसावा. त्या दौऱ्यात तो ‘रफ अँड राउडी वेज’ या २०२० च्या अल्बममधल्या दहा गाण्यांपैकी नऊ गात होता. सोडलेलं दहावं जवळजवळ सतरा मिनिटांचं आहे. बाकी थोडी जुनी, पण ‘ती’ जुनी नव्हेत. गाजलेल्या गाण्यांची वाट बघत बसाल तर कार्यक्रम संपेल.

आवाज खरखरीत आहेच. पण शब्द स्वच्छ कळतात, आणि शब्द कुठे टाकायचा हे त्याला अजून असं काही कळतं की मी अक्षरशः पुढे वाकून ऐकत होते. ओळ संपत आली असं वाटतं, तेवढ्यात शेवटचा शब्द तो अर्धी मात्रा अडवून धरतो. रेकॉर्डवर हे मला कधी जाणवलं नव्हतं.

आता तुम्ही.

* * *

हाइड पार्क, लंडन, जुलै २०१९

बिनधास्त लिहा म्हणालात म्हणून लिहितो. मला नाही आवडलं.

आधी रॉक गायक-गिटारवादक नील यंग, मग डिलन. (याच कार्यक्रमाचं प्रायोजकपद एका बँकेच्या कार्ड कंपनीकडे होतं, नील यंगने आक्षेप घेतला आणि ते नाव काढून टाकावं लागलं. म्हातारे ऐकत नाहीत कुणाचं.) नील यंगने गिटार अशी काही पेटवली की पोरं नाचायला लागली. त्यानंतर हा आला. भोवती हजारो लोक गप्पा मारतायत, पेयं आणायला जातायत-येतायत, आणि मंचावर एक माणूस पियानोमागे बसून मला माहीत असलेली गाणी मला अनोळखी चालीत ऐकवतोय. ‘ब्लोइन इन द विंड’ अर्धं झाल्यावर बायकोने विचारलं, हे नवीन आहे का? मी म्हटलं, हे १९६३ चं आहे.

चाल बदलायचा त्याला हक्क आहे, कबूल. मला कंटाळायचा आहे.

* * *

वरच्या गृहस्थांना: उघड्या मैदानात डिलन ऐकू नये, एवढंच म्हणेन. मी त्याला नाट्यगृहातही ऐकलंय आणि मैदानातही, दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बाकी चालींचं म्हणाल, तर आपल्याला ते परकं का वाटावं? ख्याल ऐकायला जाताना आपण कालच्याच ताना मागतो का? बंदिश तीच, मांडणी रोजची.

* * *

ही तुलना मी बऱ्याच जणांकडून ऐकली आहे, आणि ती मला अर्धीच पटते. ख्यालात मला राग ओळखता येतो, सम कुठे येणार ते कळतं, आणि गवई समेवर आला की सगळं सभागृह मान डोलावतं. डिलन जेव्हा मूळ चालच टाकून देतो तेव्हा माझ्या हातात फक्त शब्द उरतात. ते पाठ नसतील तर मी गेलो. म्हणून मी तर म्हणेन, तो गायनाच्या मैफलीपेक्षा काव्यवाचनाला जवळचा प्रकार आहे, ज्याला पाठीमागून उत्तम बँड साथ देतोय. असं समजून ऐकलं तर मजा येते. मला आली.

* * *

इंडिओ, कॅलिफोर्निया, ऑक्टोबर २०१६

‘डेझर्ट ट्रिप’. वाळवंटातलं पोलोचं मैदान, दोन सप्ताहान्त, आणि प्रत्येक सप्ताहान्ताला तेच सहा: डिलन आणि रोलिंग स्टोन्स, नील यंग आणि पॉल मॅकार्टनी, द हू आणि रॉजर वॉटर्स. सगळे सत्तरीच्या आसपासचे किंवा पुढचे. चेष्टेने लोक या महोत्सवाला काय काय म्हणत होते ते इथे लिहीत नाही. प्रेक्षकही काही कोवळे नव्हते म्हणा. रोज साधारण पाऊण लाख लोक.

माझं तिकीट दुसऱ्या सप्ताहान्ताचं. डिलनचा दिवस शुक्रवार, १४ ऑक्टोबर. आणि आदल्याच दिवशी, १३ तारखेला, त्याला साहित्याचं नोबेल जाहीर झालेलं! त्या संध्याकाळी तो लास व्हेगासमध्ये गायला होता आणि तिथे त्याबद्दल एक अक्षर बोलला नव्हता. मैदानावर रांगेत, पाण्याच्या नळावर, स्वच्छतागृहाबाहेर एकच विषय: आज तरी बोलेल का? माझ्या पुढचे दोघे त्यावर पैज लावून बसले होते.

नाही बोलला. आला, गायला, गेला. प्रचंड पडद्यांवर त्याच्या चेहऱ्याऐवजी बराच वेळ जुनी कृष्णधवल दृश्यं चालू होती. नंतर स्टोन्स आले तेव्हा त्यांचा गायक मिक जॅगरनेच तो विषय काढला: नोबेल विजेत्याबरोबर आम्ही याआधी कधी एका मंचावर गायलो नव्हतो, अशा अर्थाचं काहीतरी. सगळं मैदान ओरडलं. सत्कारमूर्ती तोवर बहुधा बसमध्ये बसून वाटेला लागलेले.

त्या वेळी मला हे सगळं जरा उर्मट वाटलं होतं. पुढे डिसेंबरच्या समारंभालाही तो गेला नाही, त्याच्या वतीने गायिका पॅटी स्मिथने गाणं म्हटलं. आणि पदक त्याने एप्रिल २०१७ मध्ये घेतलं, स्टॉकहोममध्ये त्याचे कार्यक्रम ठरलेलेच होते तेव्हा, खासगीत. आता वाटतं, त्याच्या लेखी शुक्रवारचा कार्यक्रम हा शुक्रवारचा कार्यक्रम होता. गुरुवारी काय घडलं याच्याशी त्याचा संबंध नव्हता. अर्थात हे माझं म्हणणं. पैज हरलेल्याला विचारा.

* * *

न्यूयॉर्क, रेडिओ सिटी म्युझिक हॉल, ऑक्टोबर १९८८

इथे बहुतेक सगळे गेल्या दहा वर्षांतलं लिहीत आहेत म्हणून जरा मागचं सांगतो. तेव्हा मी नोकरीत नवा होतो. कचेरीतल्या एका सहकाऱ्याने जास्तीचं तिकीट देऊ केलं आणि वर म्हणाला, “बघून घे, आता फार दिवस गाणार नाही हा.”

डिलन तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होता. हसू नका. आम्ही त्याला खरोखरच म्हातारा समजत होतो. त्या वर्षी आलेल्या त्याच्या अल्बमला समीक्षकांनी झोडपलं होतं, साठचं दशक इतिहासजमा झालं होतं आणि तोही झाला असं लोक धरून चालले होते. तुम्ही वर ज्या १९८८ च्या दौऱ्याचा उल्लेख केलात, त्याचंच हे पहिलं वर्ष. ‘कधी न संपणारा दौरा’ हे नाव त्याला नंतर चिकटलं, आणि त्याला स्वतःला ते कधी रुचलं नाही.

साथीला फक्त तिघे: गिटार, बास आणि ड्रम. गिटारवर जी. ई. स्मिथ. तो तेव्हा टीव्हीवरच्या ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’च्या बँडचा म्होरक्या होता, त्यामुळे आम्हाला चेहऱ्याने ओळखीचा. काय वेगाने वाजवलं हो त्यांनी! गाणं सुरू झालं की संपेपर्यंत दम घेऊ देत नव्हते, आणि दोन गाण्यांमध्ये ‘थँक यू’ म्हणण्याइतकीही फट नाही. मधला काही भाग डिलन आणि स्मिथ असे दोघेच, दोन साध्या गिटारी घेऊन. तेवढ्यात सभागृह एकदम शांत झालं. माझ्या पुढच्या रांगेतले एक दाढीवाले गृहस्थ गाणं म्हणू लागले, पण डिलनने ओळ अशी काही मोडली की ते बिचारे मध्येच अडकले आणि गप्प बसले. तेव्हापासून मी त्याच्याबरोबर गाण्याचा प्रयत्न केलेला नाही.

आवाज तेव्हाही ‘गेलेला’च होता. तो गेलाय हे लोक मला वाटतं १९६६ पासून म्हणत असावेत. त्यानंतर मी त्याला अधूनमधून ऐकत आलो. २००२ च्या सुमारास तो गिटार सोडून कीबोर्डकडे वळला तेव्हा मला जरा चुकल्यासारखं झालं, कारण गिटार हातात असली की तो गुडघ्यात किंचित वाकून एक चमत्कारिक पाऊल टाकायचा, ते मला फार आवडायचं. तिकीट देणारा सहकारी केव्हाच निवृत्त झाला. डिलन नाही.

* * *

डिलन नाही, लोकगीतं गाणारी जोन बाएझ. चालेल ना?

निरोपाचा दौरा, २०१८. डिलनच्याच वयाची, त्याच्यापेक्षा चार-साडेचार महिन्यांनी मोठी. १९५९ च्या न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात ती अठरा वर्षांची असताना लोकांनी तिला पहिल्यांदा डोक्यावर घेतलं, तो आवाज सगळ्यांना माहीत आहे: वर, खूप वर, आणि काचेसारखा स्वच्छ. तो आता नाही. तिने ते लपवलंही नाही. पट्टी खाली उतरवून घेतली होती आणि वरच्या सुरांची वेळ आली की ग्रेस स्टंबर्ग नावाची तरुण गायिका अलगद ती जागा घ्यायची. तालवाद्यांवर तिचाच मुलगा, गेब्रियल. डर्क पॉवेल व्हायोलिनपासून बँजोपर्यंत हाताला येईल ते वाजवत होता.

खालच्या पट्टीत तिच्या आवाजाला एक जाडपणा आलाय. जुन्या लोकगीतांना तो जास्त शोभतो असं माझं मत. विशीतल्या मुलीने खुनाची आणि फाशीची गाणी त्या देवदूतासारख्या स्वरात म्हणायची, हे मला आधीही थोडं विचित्रच वाटायचं. सत्याहत्तर वर्षांच्या बाईने ती म्हटली तेव्हा पटलं की हिने हे सगळं पाहिलंय. ती बोलतेही छान, मिश्कील. डिलनची गाणी म्हणते आणि मध्येच त्याच्या गाण्याची नक्कल करते, ती ऐकायला तरी जायला हवं होतं!

दुसऱ्या वर्षी, २८ जुलै २०१९ ला, माद्रिदच्या तेआत्रो रेआलमध्ये तिने हा दौरा संपवला. आवाज हातात आहे तोवर थांबायचं, हा तिचा निर्णय. डिलनने नेमका उलटा घेतला. मला तिचा अधिक भावतो, पण तिकीट मी दोघांचंही काढेन.

* * *

शिलाँग, २४ मे

डिलन शिलाँगला कधी गायलेला नाही. तरी त्याचा वाढदिवस तिथे १९७२ पासून साजरा होतो, आणि तो साजरा करणारा माणूस म्हणजे लू माजॉ. मी कामानिमित्त तिकडे होते तेव्हा एका सहकाऱ्याने नेलं.

लू माजॉचा जन्म १९४७ चा. पांढरे लांब केस, गुडघ्याच्या बऱ्याच वर कापलेली जीन्सची चड्डी, दोन पायांत दोन रंगांचे मोजे, आणि हातात गिटार. हा मंचावर स्थिर राहतच नाही. उड्या मारतो, पोरांना ओरडून गायला लावतो, एखादं गाणं आवडीने लांबवतो. तुम्ही सगळे डिलनबद्दल लिहिताय, बोलत नाही, बघत नाही, हसत नाही. इथे सगळं उलट. तरुणपणी कलकत्त्यात असताना त्याने डिलन ऐकला आणि तेव्हापासून सोडला नाही. पण तो नक्कल करत नाही, त्या गाण्यांत खासी टेकड्यांचं काहीतरी मिसळतो. नेमकं काय ते मला सांगता येणार नाही. ठेका जरा जास्त मोकळा असतो, एवढं कळलं.

समोर शाळकरी मुलं होती, त्यांचे आईबाप होते, आणि आईबापांना ती गाणी याच माणसाकडून मिळालेली होती. मूळ रेकॉर्ड मी घरी आल्यावर ऐकल्या. मला त्या लू माजॉपेक्षा संथ वाटल्या.

* * *

लंडन, रॉयल अल्बर्ट हॉल, नोव्हेंबर २०२४

दारातच फोन एका छोट्या थैलीत घालून तिला कुलूप लावतात आणि थैली तुमच्याच हातात देतात. ती उघडायचं यंत्र बाहेर. सुरुवातीला हात उगाच खिशाकडे जात राहतो. मग लोक नाइलाजाने एकमेकांशी बोलू लागतात. माझ्या शेजारचे आजोबा मँचेस्टरचे. त्यांनी मला एक गंमत सांगितली, जी डिलनवेड्यांना माहीत असेलच: १९६६ ची जी गाजलेली चोरटी ध्वनिमुद्रिका वर्षानुवर्षं ‘रॉयल अल्बर्ट हॉल’ म्हणून हातोहात फिरली, ती मुळात अल्बर्ट हॉलची नव्हतीच. ती मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधली, १७ मे १९६६ ची. इलेक्ट्रिक गिटार घेतली म्हणून चिडलेला एक श्रोता त्यात ‘जूडस!’ (येशूचा विश्वासघात करणारा शिष्य, म्हणजे गद्दार) असं ओरडलेला ऐकू येतो. १९९८ मध्ये ती अधिकृतपणे बाजारात आली तेव्हाही मुखपृष्ठावर अल्बर्ट हॉलचं नाव अवतरणचिन्हांत ठेवलं होतं. आजोबांना याचा अजून राग आहे. “आमचा कार्यक्रम लंडनने पळवला,” म्हणाले.

मंचावर पडदे नाहीत, चकचकाट नाही, मोजके मंद दिवे. ड्रमवर जिम केल्टनर, तेही ब्याऐंशीचे. बासवर टोनी गार्निए, १९८९ पासून साथ करणारे. मी बराच वेळ डिलनऐवजी गार्निएंनाच पाहत होतो. डिलनच्या खांद्याची हालचाल बघून ते कुठे थांबायचं ते ठरवतात असं मला वाटलं. सुरुवात ‘ऑल अलाँग द वॉचटावर’ने झाली, पण ते तेच आहे हे मला दुसऱ्या ओळीला कळलं, आणि आजोबांना त्याहून आधी.

मला सगळंच आवडलं असं नाही. मधली दोन-तीन गाणी एकाच संथ चालीत सरकली आणि माझं लक्ष घुमटाकडे गेलं. पण शेवटी ‘एव्हरी ग्रेन ऑफ सॅन्ड’ला त्याने माउथ ऑर्गन तोंडाला लावला. एवढ्या मोठ्या गोल सभागृहात तो आवाज अगदी बारीक आणि थेट आला. १९८१ चं गाणं. आजोबांनी चष्मा काढून पुसला. मी काय केलं ते सांगत नाही.

नंतर तो पियानोमागून पुढे आला, थोडा वेळ उभा राहिला आणि आत गेला. बाहेर थैल्या उघडायला ही गर्दी! आजोबांचा फोन चालूच होईना, म्हणून त्यांच्या मुलीला माझ्या फोनवरून फोन लावून दिला.

* * *

एक प्रश्न. मी पहिल्यांदाच जाणार आहे, डिलनची सात-आठ गाणीच माहीत आहेत. आधी काय ऐकून जाऊ? बरोबर सोळा वर्षांचा मुलगा आहे, त्याला न्यावं का?

* * *

पुन्हा मीच. प्रश्न छान आहे.

सात-आठ माहीत आहेत ती नाही ऐकलीत तरी चालेल, त्यांतलं एखादंच कानावर पडेल. अलीकडच्या कार्यक्रमांत कोणती गाणी गायली ते शोधा, इंटरनेटवर दुसऱ्या दिवशीच यादी येते. त्यांचे शब्द एकदा तरी वाचा. चाली ऐकून फारसा उपयोग नाही, शब्द मात्र तो बदलले तरी थोडेच बदलतो. शक्य असेल तर बंद सभागृहातला कार्यक्रम घ्या, हाइड पार्कवाल्यांचं दुःख वाचलंतच. वेळेवर पोचा, तोही वेळेवर येतो. मुलाला न्या, पण त्याला आधीच सांगून ठेवा की फोन बंद राहील. माझ्या मते अडचण झालीच तर त्याचीच होईल, डिलनची नाही.

न्यूयॉर्कच्या काकांनी लिहिलेलं ते गुडघ्यात वाकून टाकलेलं पाऊल आणखी कुणी पाहिलंय का? आणि त्याच पिढीतल्या गायक-गीतकार पॉल सायमनचं कुणीच कसं लिहिलं नाही? २०१८ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये त्याने निरोपाच्या दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम केला. मग डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येईनासं झालं, आणि तरी २०२५ मध्ये तो पुन्हा छोट्या सभागृहांचा दौरा घेऊन निघाला, आधी ‘सेव्हन साम्स’ हा अल्बम सलग आणि नंतर जुनी गाणी. एका कानाने ऐकणारा माणूस बँडबरोबर सूर कसा सांभाळत असेल, हे मला कळून घ्यायचंय. त्या दौऱ्याला गेलेलं कुणी असेल तर लिहा, आणि तुम्ही कितव्या रांगेत होतात तेही सांगा.